टांग्यातल्या मुलीसाठी प्रार्थना

आमच्या मंडळीत कोणी कोणाची चहाडी करत नसे. चहाडी करणं पाप आहे हे आम्हा ख्रिस्ती बायकांना लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळे ती वाट बंदच होती. आम्ही प्रार्थनेची विनंती करत असू. गुरुवारी दुपारी बायकांची सभा भरायची, गीत व्हायचं, शास्त्रातला एखादा भाग वाचला जायचा, आणि मग कोणीतरी पदर सारखा करून, आवाज खाली आणून म्हणायची, "बहिणींनो, एका घरासाठी प्रार्थना करायची आहे. नाव घेत नाही." नाव घ्यायची गरजच नसे. कोणत्या चाळीत राहतात, नवरा कुठे कामाला, मुलं किती, एवढं सांगून झाल्यावर राहिलं काय? पण नाव घेतलं नाही म्हणजे चहाडी झाली नाही, आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं म्हणजे तर ती सेवाच झाली. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं. ज्या प्रभूच्या कृपेची साक्ष द्यायला मी बसले आहे त्याने हा संताप माझ्यातून अजून पुरता काढून घेतलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

दारूबंदीच्या दिवसांतली ही गोष्ट आहे. आम्ही घाटकोपरला आग्रा रोडजवळच्या एका चाळीत राहत होतो. आमचे हे भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते आणि मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. आईवडील नगरकडेच वारले होते, त्यामुळे धाकटी बहीण लीला माझ्याजवळ वाढली. ती जवळच्याच एका लहान इस्पितळात नर्सिंग शिकत होती. बोलायला कमी, कामाला वाघीण, आणि एकदा मनात घेतलं की कोणाच्या बापाचं न ऐकणारी अशी ती मुलगी. मुलुंडच्या शमुवेलशी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा सरळ, घर चांगलं, आई जरा नाकावर माशी बसू न देणारी, पण मनाची वाईट नव्हती. आमच्यात लग्नाआधी सलग तीन रविवार उपासनेत त्या लग्नाची सूचना वाचतात, आणि कोणाला काही हरकत असेल तर त्याने ती सांगावी असं पाळक विचारतात. लीलाच्या लग्नाची सूचना दोन रविवार वाचून झाली होती. तिसरी तेवढी राहिली होती.

या सूचना चालू असतानाच आमच्या मार्थाबाईंनी लीलाला टांग्यात पाहिलं. मार्थाबाई शेजारच्या चाळीत राहायच्या, आणि दोन्ही चाळींना मिळून अंगणात एक नळ होता. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते आणि मंडळीचे पंच होते. बायकांची सभा मार्थाबाई चालवायच्या. खोटं कशाला बोलू, त्यांच्यासारखी प्रार्थना कोणाला येत नसे. आवाज असा गोड आणि शब्द असे नेमके की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं. तर या बाईंनी लीलाला दिवेलागणीच्या सुमारास एका टांग्यात बसून टेकडीकडे जाताना पाहिलं, मग परत एकदा पाहिलं, आणि टांगेवाला मुसलमान आहे हेही पाहिलं. मला विचारायचं तर नळावर रोज भेट होत होती. विचारलं नाही. गुरुवारी सभेत विनंती केली. आपल्या मंडळीतली एक मुलगी, नाव घेत नाही, थोरल्या बहिणीकडे राहते, रुग्णांची सेवा शिकते, लग्नाच्या सूचना चालू आहेत, आणि अंधार पडल्यावर परधर्मी पुरुषाच्या टांग्यातून कुठे जाते हे प्रभूलाच ठाऊक. प्रभूने तिला खड्ड्यातून बाहेर काढावं. मी त्या दुपारी शाळेत होते. सगळ्या बायकांनी आमेन म्हटलं.

खरं काय होतं ते मला माहीत होतं. टांगेवाल्या करीमभाईच्या बायकोच्या अंगावर स्टोचा भडका उडाला होता. मान, हात आणि अर्धा चेहरा भाजला होता. इस्पितळातून घरी सोडल्यावर तिने रोज पट्टी बदलायला यायचं होतं, पण बाहेर बाकावर बसलेले लोक तोंड फिरवतात म्हणून ती यायची बंद झाली, आणि जखमा चिघळू लागल्या. लीला ड्यूटी संपवून तिच्या घरी जाऊ लागली. करीमभाई तिला इस्पितळाच्या फाटकापासून घेऊन जायचा आणि चाळीच्या कोपऱ्यावर आणून सोडायचा. एवढीच गोष्ट. पण इस्पितळाचा नियम असा होता की शिकाऊ मुलींनी बाहेर रुग्णांकडे जायचं नाही, गेल्याचं कळलं तर शिक्षण बंद. म्हणून ही गोष्ट लीलाने मला आणि शमुवेलला सोडून कोणालाच सांगितली नव्हती.

ती विनंती एका सभेतून दुसऱ्या सभेत गेली. घाटकोपरची एक बाई माहेरी विक्रोळीला गेली, तिथे प्रार्थना झाली. तिथून ती मुलुंडला पोचली. वाटेत तिला पाय फुटत गेले. मुलुंडला पोचली तेव्हा टांगेवाल्याने मुलीला पळवून नेऊन परत आणून सोडल्याचं झालं होतं. शमुवेलच्या आईने स्वतःच्या होणाऱ्या सुनेसाठीची ती प्रार्थना डोळे मिटून ऐकली, आमेन म्हटलं, आणि घरी जाताना तिच्या ध्यानात आलं की ही मुलगी कोण. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "ताई, माझा मुलगा म्हणतो, तसं काहीच नाही. पण काय आहे तेही सांगत नाही. तिसरी सूचना मी थांबवायला सांगणार आहे. लोकांच्या तोंडाला मी एकटी बाई कुठे पुरी पडू?"

मी लीलाला सांगितलं, आता करीमभाईच्या बायकोला पुढे आण, खरं काय ते दाखव. लीला खाली मान घालून जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडत होती. "ती बाई आरशातसुद्धा बघत नाही गं ताई," ती म्हणाली. "तिला मी आपल्या बायकांपुढे उभी करू, माझं लग्न व्हावं म्हणून?" मला तिचा इतका राग आला की मी हातातलं भांडं आपटलं. आणि त्याच वेळी मला रडूही आलं, कारण तिचं खरं होतं.

राग काढायला मला मग मार्थाबाईच सापडल्या. नळावर मी त्यांना जे बोलले ते सगळ्या चाळीने ऐकलं. त्यांनी शांतपणे कळशी उचलली. "ताई, मी कोणाचं नाव घेतलं का? मी तर प्रार्थना केली. प्रार्थनेचा राग येतो तुम्हाला?" एवढं म्हणून त्या निघून गेल्या, आणि मी हातवारे करत, भांडकुदळ बाई म्हणून, चार घरच्या बायकांसमोर उभी राहिले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश कशावर केला असेल? जिभेवर. लहानसा अवयव, पण घर जाळतो. घोड्याला लगाम असतो तसा ख्रिस्ती माणसाच्या तोंडाला पाहिजे. हे सगळं सांगताना त्यांची नजर पुनःपुन्हा माझ्या बाकाकडे येत होती. मी मनात म्हणत होते, साहेब, आग लावणारी पुढच्या बाकावर बसली आहे, आणि तुम्ही ओरडणाऱ्याला गप्प करताय. जिच्या अंगावर निखारा पडला तिने किंचाळायचं नाही, कारण उपासनेत आवाज होतो! त्या दिवशी मी गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. लीला माझ्या शेजारी बसून गात होती, आणि तेही मला सहन होईना. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की मुलुंडकडच्यांनी विनंती केल्यामुळे सूचना आज वाचली नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, तोवर त्या बाई काय ते नक्की कळवतील.

देव माझ्याकडे पाहत नाही असं मला त्या आठवड्यात वाटत होतं. मी प्रार्थनेला बसले की शब्दच येत नसत, कारण आमच्याकडे प्रार्थनेचे सगळे चांगले शब्द मार्थाबाईंनी वापरून टाकले होते. प्रभूने तिला वाचवावं, प्रभूने तिला परत आणावं, हे मी लीलासाठी म्हणायला गेले की माझ्याच कानाला ते चहाडीसारखं वाटायचं. आणि मग, कसं ते सांगत नाही, पण माझ्या मनात दुसरीच एक प्रार्थना तयार होऊ लागली.

झालं होतं असं, की काही महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी आमचे हे कामावरून येत असताना त्यांना मिठागराच्या बाजूला एक माणूस पडलेला दिसला. हातभट्टीची पिऊन पडला होता. उलटा करून पाहिलं तर मार्थाबाईंचे यजमान, आमचे पंच. ह्यांनी त्यांना सावरून, तोंड धुऊन, आडवाटेने घरी नेऊन पोचवलं. पोलिसाच्या नजरेला पडते तर नोकरी गेली असती आणि मंडळीतलं पंचपणही. ह्यांनी मला ते सांगितलं, आणि सांगून लगेच म्हणाले, "हे इथेच राहू दे हं. मी त्यांना उचललं ते बोलायला विषय मिळावा म्हणून नाही." मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण आता मला आठवलं की सांगायची गरज नाही. प्रार्थना करता येते.

प्रभुभोजन म्हणजे पंचांच्या हातून भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेणं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्याकडे बायकांची तयारीची सभा असते. एकमेकींशी काही वाकडं असेल तर ते मिटवून दुसऱ्या दिवशी प्रभूच्या मेजाजवळ यायचं, असा त्यामागचा हेतू. त्या सभेत साखळी प्रार्थना होते. गोल बसायचं, एकीचं संपलं की लगेच शेजारणीने सुरू करायचं, आणि मध्ये कोणी कोणाला अडवायचं नाही. प्रार्थना करणाऱ्याला कोण अडवणार? मी माझी प्रार्थना आठवडाभर घडवली. प्रभू, आमच्यातल्या एका घरासाठी मी मागते, नाव घेत नाही. ज्यांच्या हातून आम्ही तुझी भाकर घेतो त्या हातांना तू दुसऱ्या प्याल्यापासून सोडव. मिठागराच्या वाटेवरून त्यांना परत आण. मुलांना फळ्यावर जोडाक्षरं लिहून देताना मी मनात हे शब्द लावत होते, पुसत होते, परत लावत होते. मला त्यात गोडी लागली होती. मार्थाबाईंपेक्षा सरस प्रार्थना झाली होती ती.

शनिवारी मी पाळकसाहेबांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. सूचनेचं काय ते सांगायला शमुवेलची आई आलेली पाहून मला बरंच वाटलं, तिच्यासमोरच सगळं होऊ दे. तिच्याबरोबर एक पाहुण्या होत्या. जालन्याकडच्या मुलींच्या बोर्डिंगात आयुष्यभर मेट्रन होत्या, आता निवृत्त झाल्या होत्या, थोड्या दिवसांसाठी मुलुंडला मुलाकडे आल्या होत्या, आणि मुलगा शमुवेलच्या आईच्या शेजारी राहत होता. अंगाने भारदस्त, पांढरं पातळ, जाड चष्मा, आणि तोंडाला विराम म्हणून नव्हता. आल्या त्या बोलतच आल्या. मुंबईच्या पाण्याला चव नाही, मुंबईच्या दुधात पाणी आहे, म्हणजे पाण्यात पाणी झालं. मुलाने परतीचं तिकीट काढतो काढतो म्हणत आठवडा घालवला, नाहीतर त्या केव्हाच जालन्याला पोचल्या असत्या. जिना अरुंद, खिडक्या लहान, चहात साखर जास्त. मला वाटलं, जिभेवरचा उपदेश कोणी या बाईंना का नाही ऐकवत. त्या येऊन नेमक्या माझ्या उजव्या हाताला बसल्या. म्हणजे त्यांच्यानंतर माझी पाळी.

मार्थाबाईंनी सुरुवात केली. तोच गोड आवाज. मग एकेक करत साखळी आमच्याकडे आली. मेट्रनबाईंनी घसा खाकरला आणि प्रार्थना सुरू केली, तीही बोलण्यासारखीच, रोखठोक. चष्मा सापडला म्हणून आभार, नातवाचा खोकला गेला म्हणून आभार, तिकिटाचं प्रभूने बघावं. आणि मग म्हणाल्या, "आणि प्रभू, ती टांग्यातली मुलगी. मुलुंडच्या सभेत तिच्यासाठी विनंती झाल्यापासून मी रोज पहाटे तुझ्याकडे तिला मागते आहे. अंधारात जाते म्हणतात, तर तिला सुखरूप घरी पोचव, घोडा बुजू देऊ नकोस, चाकं नीट राहू दे…"

इथे त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं, आता मी. मी श्वास घेतला. पण आमेन आलंच नाही. डोळे किलकिले करून पाहिलं तर मेट्रनबाईंनी आपले डोळे सताड उघडले होते आणि त्या सगळ्यांकडे पाहत होत्या. "बरी आठवण झाली," त्या म्हणाल्या. "ती मुलगी घाटकोपरचीच ना? म्हणजे तुमच्या मंडळीतलीच. कशी आहे आता?"

साखळी प्रार्थना अशी मधेच तोडलेली आमच्यापैकी कोणी कधी पाहिली नव्हती.

"नाव काय तिचं? देवाला ठाऊक आहे, पण मला किती दिवस टांग्यातली मुलगी, टांग्यातली मुलगी म्हणायला लावता? बोर्डिंगात दोनशे पोरी होत्या माझ्याकडे, एकीसाठीही मी बिननावाने मागितलं नाही." त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमच्यापैकी गेलं होतं का कोणी तिच्याकडे? जवळच राहते म्हणता ना?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. टोमणा असता तर बायकांना उत्तर देता आलं असतं. पण त्या खरोखर चकित झाल्या होत्या. त्यांच्या डोक्यात हे येतच नव्हतं, की एवढ्या बायका एका मुलीसाठी प्रार्थना करतात आणि तिचा उंबरठा कोणी ओलांडत नाही. त्यांना प्रार्थनेची विनंती म्हणजे प्रार्थनेची विनंती एवढंच ठाऊक होतं. आमच्या मंडळीत त्या शब्दांचा जो उपयोग होत होता तो त्यांच्या गावीही नव्हता. मार्थाबाई सतरंजीचा दोरा ओढत होत्या. शमुवेलच्या आईने पदर कपाळावर आणखी पुढे ओढला.

पाळी माझी होती. माझी ती आठवडाभर घडवलेली प्रार्थना जिभेच्या टोकावर होती, आणि देवाशप्पथ, त्या क्षणीसुद्धा मला ती म्हणायचीच होती. यापेक्षा चांगली वेळ कोणती मिळणार होती? मी तोंड उघडलं, आणि माझ्या कानांनी मी ऐकलं, "लीला. तिचं नाव लीला आहे, मावशी. ती माझी बहीण." त्यानंतर मला एक शब्दही बोलता येईना. मला कोणी अडवलं, मी स्वतः अडले, की रडू आलं म्हणून आवाज बसला, यावर मी वाद घालणार नाही. मिठागराची वाट, पंचाचे हात, दुसरा प्याला, सगळं तिथेच राहिलं.

मेट्रनबाईंनी माझा हात धरला. "लीला," त्या म्हणाल्या, जणू नाव चाखून पाहिलं. मग डोळे मिटले आणि एवढंच म्हणाल्या, "प्रभू, लीला. आमेन." आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चल, दाखव मला तुझी बहीण. एवढे दिवस जिच्यासाठी मागितलं तिचं तोंड न बघता मी जालन्याला जाऊ की काय?" पाळकीणबाई म्हणाल्या, अजून सभा व्हायची आहे. "तुम्ही चालवा," मेट्रनबाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या. त्यांना परत मुलुंडला न्यायची जबाबदारी शमुवेलच्या आईवर होती, त्यामुळे तिलाही उठावं लागलं. मनातून ती किती चरफडली असेल ते तिच्या चालण्यावरून दिसत होतं.

घरी आलो तर लीला स्टोवर पट्ट्या उकळत होती आणि बाहेर पडायच्या घाईत होती. होणाऱ्या सासूला दारात बघून तिच्या हातातला चिमटा पडला. मेट्रनबाईंनी पातेल्यात डोकावलं, मलमाच्या डबीचा वास घेतला. "कोणाला भाजलंय?" "ते मी सांगणार नाही," लीला म्हणाली, मान वर करून. शमुवेलची आई काही बोलायला गेली, पण मेट्रनबाईंनी हाताने तिला थांबवलं. "नको सांगूस. मी विचारलंच नाही असं समज. पण मी येते तुझ्याबरोबर. पट्टी गुंडाळायला दोन हात जास्त असले तर चालतील ना?" त्या दिवशी तिला सुट्टी होती, म्हणून करीमभाईचा टांगा चाळीच्या कोपऱ्यावरच उभा होता. एवढ्या बायका येताना पाहून तो बिचारा गोंधळला. मेट्रनबाईंचं वजन पाहून खाली उतरला आणि म्हणाला, "माँजी, संभाल के, पायदान ढीला है." चारच दिवसांपूर्वी आग्रा रोडवर एक ट्रक घासून गेला होता, त्यात पायदान वाकलं होतं आणि घोडा बुजून रस्त्याच्या कडेला जाऊन आपोआप उभा राहिला होता. लीला आत होती आणि तिला ओरखडाही आला नव्हता. हे तिने मला तेव्हा सांगितलं नव्हतं, मी काळजी करेन म्हणून. टांग्यात चढता चढता मेट्रनबाईंनी ते ऐकलं आणि फक्त "हं" म्हणाल्या.

शमुवेलची आई रस्त्यावर एकटी काय उभी राहणार? तीही चढली. मी पुढे बसले. टेकडीकडे जायचा रस्ता पाळकसाहेबांच्या घरावरूनच होता, आणि आम्ही तिथे पोचलो तेव्हा सभा नुकतीच संपून बायका दारात चपला शोधत होत्या. मार्थाबाई पायरीवर होत्या. ज्या टांग्यासाठी तीन गावांत प्रार्थना झाल्या तो टांगा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला, आणि त्यात लीला, तिची होणारी सासू आणि जालन्याच्या मेट्रनबाई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. मला हसू आवरेना. प्रभू मला क्षमा करो, पण ते हसू मी अजून विसरलेले नाही.

करीमभाईची खोली एका तबेल्यामागे होती, आम्ही बाहेरच थांबलो. लीलाने आत जाऊन विचारलं, आणि मग फक्त मेट्रनबाईंना आणि शमुवेलच्या आईला बोलावलं. मला का नाही, असं मला वाटलं, पण त्या माऊलीला किती जणींना सामोरं जाववेल ते लीलालाच ठाऊक. परत आल्यावर चाळीपाशी उतरताना शमुवेलच्या आईने लीलाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात मलमाने पिवळा झालेला होता. दुसऱ्या दिवशी उपासनेआधी मार्थाबाईंनी तिला गाठलंच. "काल कुठे गेला होता हो टांग्यातून?" मी ऐकत होते. शमुवेलची आई म्हणाली, "प्रार्थनेला." बस्स, एवढंच. त्या घरचं, त्या बाईचं, लीलाच्या नियम मोडण्याचं तिच्या तोंडून कधी कोणाला काही कळलं नाही.

पाळकसाहेबांनी त्या रविवारी तिसरी सूचना वाचली. कोणाला काही हरकत असेल तर सांगावी, म्हणाले, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबले. सगळ्या उपासनेत कोणी खोकलंसुद्धा नाही. मग प्रभुभोजन झालं. भाकरीचं ताट घेऊन पंच बाकांमधून आले, आणि आमच्या रांगेला मार्थाबाईंचे यजमान होते. ताट माझ्यापुढे आलं तेव्हा ते थरथरत होतं. त्यांची नजर माझ्या ह्यांच्याकडे गेली, मग माझ्याकडे आली, आणि मला कळलं की हा माणूस कित्येक महिने दर वेळी आमच्या रांगेपुढे असाच येऊन उभा राहत असणार, आज ही बाई बोलेल, आज बोलेल असं म्हणत. माझी ती सुंदर प्रार्थना म्हटली गेली असती तर ते ताट त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या हातात असतं. मी भाकर घेतली. ताट स्थिर व्हावं म्हणून क्षणभर कडेला हात लावला. मग ते पुढच्या बाकाकडे वळले.

मार्थाबाईंचा राग माझ्या मनातून गेला असं मी म्हणणार नाही. त्यांनी माफी मागितली नाही, आणि पाळकसाहेबांनी जिभेवरचा दुसरा उपदेश केला नाही, जो त्यांनी करायला हवा होता. तोंड आवरणं म्हणजे मुकाट्याने सोसणं, हे मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. पण त्या आठवड्यात मी माझ्या जिभेला लगाम घालू शकले नव्हते, हे मला ठाऊक आहे. तो दुसऱ्या कोणी घातला. त्यासाठी त्याने एका बडबड्या बाईचं तिकीट अडवून ठेवलं असेल तर मी त्याचे उपकार मानते, आणि तिकिटं न मिळण्याच्या बाबतीत तेव्हापासून मी फारशी कुरकुर करत नाही.

मेट्रनबाई पुढच्याच आठवड्यात जालन्याला गेल्या. लग्नाला येता आलं नाही, पण निरोप आला की रोज पहाटे लीलाचं नाव चालू आहे. आमच्या गुरुवारच्या सभा अजून भरतात. आता त्यात कधी कोणी पदर सारखा करून म्हणते, बहिणींनो, एका घरासाठी मागायचं आहे, नाव घेत नाही. मग मी डोळे उघडते आणि विचारते, "नाव काय तिचं? आणि आत्ता माझ्याबरोबर तिच्याकडे कोण येतंय?" बहुतेक वेळा विनंती तिथेच मागे घेतली जाते. कधी कधी मात्र एखादी बाई खरोखर उठते, चपला शोधते, आणि आम्ही दोघी जिना उतरायला लागतो.